पिशवीत हत्ती, हत्तीच्या सोंडेत छत्री

मागच्या महिन्यात आमची बस रस्त्यात बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला अर्ध्या तासात दुसरी येतेय, त्या अर्ध्या तासाचे तीन तास झाले, माझ्या मोबाईलची बॅटरी संपली, ताईने तिचा मोबाईल देणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलं होतं, आणि तिची आठ वर्षांची लेक माझ्याकडे अशी बघत बसली की जणू बस मीच बंद पाडलीय. मग तिनेच सुचवलं, मावशी आपण पिशवीचा खेळ खेळूया का. खेळ बहुतेकांना माहीत असेल. एकाने म्हणायचं मी गावाला निघाले आणि पिशवीत छत्री भरली, दुसऱ्याने म्हणायचं मी गावाला निघाले आणि पिशवीत छत्री भरली आणि टॉर्च भरला, असं करत प्रत्येकाने आधीची सगळी यादी क्रमाने म्हणायची आणि शेवटी आपली एक वस्तू वाढवायची. ज्याची यादी तुटली तो आउट. साहित्य काही नाही, नियम एकच.

आता खरं सांगते, मी मनातून खूश झाले होते. कारण गेले सात महिने मी रोज सकाळी वीस मिनिटं मोबाईलवर मेंदूच्या व्यायामाचं एक ॲप खेळतेय. चौकोन चमकतात, ते कुठे कुठे चमकले ते लक्षात ठेवून बोट लावायचं, मग आणखी चौकोन, मग आणखी. माझी लेव्हल ६३ आहे. दर रविवारी ॲप मला शाबासकी देतं की तुमची स्मरणशक्ती तुमच्या वयाच्या बहुतेकांपेक्षा चांगली आहे, आणि मी ते स्क्रीनशॉट काढून ताईला पाठवते. त्यामुळे या पोरीला मुद्दाम एखादा डाव जिंकू द्यावा लागणार, नाहीतर ती रडेल, असा माझा हिशोब.

पहिल्या डावात मी नवव्या वस्तूला आडवी झाले. दुसऱ्यात अकराव्या. तिसऱ्या डावात तर आठव्यालाच. मग ती म्हणाली तू राहू दे, तू नुसत्या वस्तू वाढव, मी एकटीच म्हणते. आणि सतरा वस्तूंपर्यंत गेली, न अडखळता, मधेच खिडकीबाहेरच्या कुत्र्याकडे बघत. सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे मी ज्या विसरत होते त्या माझ्याच वस्तू होत्या. माझ्या वस्तू काय, तर टॉर्च, रुमाल, चार्जर, साबण, नेलकटर. अगदी शहाण्या बाईची पिशवी. तिच्या वस्तू काय, तर हत्ती, शिडी, ढग आणि एक रडणारा मासा. रडणारा मासा मी एकदाही विसरले नाही, साबण तीनदा विसरले.

विचारलं तिला, एवढं आठवतं कसं गं तुला? ती म्हणाली मी कुठे आठवते, मला दिसतं. पिशवीत हत्ती बसलाय, त्याच्या सोंडेत तुझी छत्री आहे, छत्रीवर ढग येऊन बसलाय कारण त्याचे पाय दुखतायत, त्याला खाली उतरायला शिडी लावलीय. आणि माझं नेलकटर? हत्तीच्या नखांसाठी. चार्जर? ती हत्तीची शेपूट आहे मावशी, रात्री तो चार्जिंगला लागतो.

म्हणजे मी वस्तूंची यादी करत होते आणि ती त्याच वस्तूंचं नाटक बसवत होती. हे माझ्या इतकं डोक्यात बसलं की घरी आल्यावर मी वाचायला लागले, आणि मग सगळ्यात आधी माझ्या ॲपचीच पाचावर धारण बसली.

पहिली गोष्ट म्हणजे नवव्या वस्तूला आडवं होणं यात तसं काही विशेष नाही. जॉर्ज मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली लिहिलं होतं की एका वेळी डोक्यात साधारण सात गोष्टी धरता येतात, दोन इकडे दोन तिकडे. नंतर २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी तर म्हटलं की सात पण जास्तच झाले, चारच्या आसपास धरा. अर्थात ‘गोष्ट’ म्हणजे काय यावर सगळं आहे. नऊ सुट्या वस्तू म्हणजे नऊ गोष्टी. पण हत्ती, त्याची छत्री, त्यावरचा ढग आणि ढगाची शिडी हे सगळं मिळून एकच गोष्ट होते, आणि तेवढ्या जागेत चार वस्तू बसतात. भाचीने काही जास्त मोठी पिशवी आणली नव्हती, घड्या नीट घातल्या होत्या.

दुसरं जे वाचलं ते तर मला फारच आवडलं. अमेरिकेत एका कॉलेजच्या मुलावर प्रयोग केला होता, तो १९८० साली छापून आला, त्यात त्याचं नाव नाही, फक्त आद्याक्षरं आहेत, एस एफ. त्याला आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने म्हणायचे. सुरुवातीला तो आपल्यासारखाच, सातेक आकडे. पण दीड वर्षाहून जास्त काळ, एकूण २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ आकड्यांवर गेला. एकोणऐंशी! आणि कसं, तर हा मुलगा लांब पल्ल्याचा धावपटू होता, त्यामुळे ३, ४, ९, २ असे आकडे आले की तो म्हणायचा ३ मिनिटं ४९.२ सेकंद, म्हणजे एक मैल धावायची जबरदस्त वेळ. तो आकडे पाठ करतच नव्हता, शर्यती रचत होता. आणि आता गंमत ऐका, त्याच मुलाला आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर तो परत सहावर! अक्षरांची शर्यत होत नाही ना.

इथे मी ॲपकडे बघितलं आणि ॲपने माझ्याकडे. सात महिने मी चौकोन लक्षात ठेवायला शिकले होते. चौकोनच. साबणाशी त्याचा संबंध शून्य. २०१० मध्ये यावर एक मोठा अभ्यास पण झालेला आहे, ११,४३० लोकांना सहा आठवडे असले कॉम्प्युटरवरचे खेळ खेळायला दिले, जो खेळ खेळले त्यात सगळे सुधारले, पण जे खेळले नव्हते त्यात, अगदी तशाच प्रकारच्या दुसऱ्या चाचण्यांतही, काही खास फरक पडला नाही. आणि शिवाय चौकोनांच्या त्या प्रकारात आपण काही फार मोठे कोणी नाही. जपानमध्ये आयुमू नावाचा एक चिंपांझी आहे, त्याला स्क्रीनवर विखुरलेले आकडे क्षणभर दाखवून झाकले की तो लहानापासून मोठ्यापर्यंत त्या जागांवर बरोबर बोट लावतो. २००७ साली त्याने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना या खेळात हरवलं होतं. त्याला कोणी लेव्हल ६३ चा स्क्रीनशॉट दाखवू नका म्हणजे झालं.

ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, मी अजून खेळते, चहा उकळेपर्यंत वेळ जातो. फक्त त्याने माझं डोकं सुधारेल ही आशा सोडली. त्याऐवजी आता भाचीबरोबर आणि एकटीनेही असे खेळ खेळते ज्यात आठवायचं असेल तर काहीतरी बनवावं लागतं, किंवा बनवायचं असेल तर काहीतरी आठवावं लागतं. हे दोन वेगळे विभाग आहेत असं मला आधी वाटायचं, स्मरणशक्ती म्हणजे हुशार मुलांचं काम आणि कल्पनाशक्ती म्हणजे चित्रं काढणाऱ्यांचं. बसमधल्या त्या तीन तासांनी ते बिघडवलं.

ताटाचा खेळ घ्या. ताटात बारा-पंधरा बारीकसारीक वस्तू मांडायच्या, एक मिनिट बघू द्यायचं, वर फडकं टाकायचं आणि आठवेल तेवढं लिहायचं. इंग्रजीत याला किमचा खेळ म्हणतात, रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ च्या कादंबरीतल्या किम नावाच्या मुलाला असं ताट दाखवून हेरगिरीसाठी तयार करतात म्हणून, आणि मग तिथून तो स्काउटच्या मुलांकडे गेला. नुसता असा खेळला तर दोन डावांनी कंटाळा येतो. आम्ही दोन बदल केले. एक म्हणजे फडक्याखाली हात घालून दोन वस्तूंच्या जागा गुपचूप बदलायच्या, काय बदललं ते ओळखायचं. हे भयंकर अवघड आहे, काय होतं ते आठवतं पण कुठे होतं ते नाही. दुसरा बदल म्हणजे बघायच्या एका मिनिटात ठरवायचं की या ताटात भांडण कोणाकोणाचं चाललंय. कात्रीने दोऱ्याला धमकी दिलीय, बटण दोऱ्याच्या बाजूने आहे, खोडरबरला हे सगळं पुसून टाकायचंय. असं केलं की बारातले अकरा तरी येतात, आणि जी वस्तू भांडणात नव्हती तीच नेमकी सुटते. परवा पेन्सिलीचं टोक सुटलं, बिचारं एकटं कोपऱ्यात होतं.

ती ग्रीक कवीची गोष्ट, छत कोसळतं आणि कोण कुठे बसलं होतं यावरून तो माणसं ओळखतो, ती स्मरणशक्तीवरच्या प्रत्येक लेखात असते म्हणून मी सांगत नाही. पण युक्ती खरी आहे, ओळखीच्या जागी मनातल्या मनात वस्तू ठेवत जायचं. मला स्वतःला घरापेक्षा बसचा रस्ता जास्त चांगला जमतो, का ते सांगता येत नाही.

आता वीट. हा खेळ फार साधा वाटतो आणि फार बोचतो. एक सामान्य वस्तू घ्यायची आणि तिचे जितके सुचतील तितके उपयोग सांगायचे. जे. पी. गिलफर्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, कल्पनाशक्ती मोजायला त्यांनी असले प्रश्न वापरले, आणि मार्क नुसते किती उपयोग सांगितले याचे नाहीत. किती वेगवेगळ्या जातीचे सांगितले, दुसऱ्या कोणाला सुचणार नाहीत असे किती, आणि एखादी कल्पना किती रंगवून सांगितली, हे पण बघायचं. मी विटेचे आठ उपयोग पटापट सांगितले, दार अडवायला, कागद उडू नयेत म्हणून, खिळा ठोकायला, वर उभं राहायला, टेबलाच्या पायाखाली वगैरे, आणि स्वतःवर खूश झाले. मग नीट बघितलं तर आठच्या आठ उपयोग एकाच जातीचे, वीट जड आणि टणक आहे. संपलं माझं विटेबद्दलचं ज्ञान. भाची म्हणाली मुंग्यांचं स्टेडियम. बाबांच्या उशीत लपवायला. फुटली तर तुकड्याने फरशीवर चित्रं काढायला.

फरशीवर चित्रं, हे ऐकल्यावर मला रस्ता सापडला. वीट लाल आहे, म्हणजे घासली की रंग. वीट पाणी पिते. वीट तापली की बराच वेळ गरम राहते. विटेला कडा सरळ असतात. वाजवली की आवाज येतो. वस्तूचा उपयोग शोधत बसायचं नाही, आधी ती वस्तू कशी आहे ते सुटं सुटं आठवायचं, मग प्रत्येक गुणातून दोन-तीन उपयोग आपोआप पडतात. आणि दुसरं म्हणजे लवकर थांबायचं नाही. सुरुवातीचे उपयोग सगळ्यांचे सारखेच निघतात, ते आपले नसतातच, ते कुठेतरी पाहिलेले असतात. ते संपल्यावर एक रिकामा, वैतागवाणा मिनिट येतो ज्यात काहीच सुचत नाही, आणि मजेशीर जे काय आहे ते त्या मिनिटाच्या पलीकडे असतं. टायमर लावून हा खेळ खेळणारे लोक नेमके तिथेच घंटी वाजवतात, मला हे अजिबात पटत नाही.

शब्दांच्या भेंड्या मात्र आम्ही थोडंच खेळतो, कारण त्यात भांडणं फार. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, एवढंच, पण मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ वरून शब्द सुरूच होत नाहीत, आणि भाचीला हे कळलंय. ती बाण, फळ, वळण, बाळ यांचा साठा करून बसते. मग ण ला न आणि ळ ला ल चालेल असा तह करावा लागला. क्रियापदं बंद केली, नाहीतर करणे, बसणे, हसणे, सगळे शेवटी ‘णे’. एक चांगला प्रकार म्हणजे शब्दांऐवजी विषय बांधून घ्यायचा, फक्त स्वयंपाकघरातल्या वस्तू किंवा फक्त आवाज करणाऱ्या गोष्टी. तेव्हा डोकं खरंच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतं, कपाटं उघडून बघतं.

पण माझा सध्याचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे ‘ल’ सोडून गोष्ट सांगणे. ल हे अक्षर वापरलं की आउट. ऐकायला काही नाही, पण करून बघा. मराठीत भूतकाळ जवळजवळ सगळा ‘ल’ वर उभा आहे, गेला, आली, बसले, म्हणाला, पडलं. एक राजा होता इथपर्यंत ठीक, आणि मग राजा काही करूच शकत नाही! काल पण म्हणता येत नाही. मुलगा नाही, मुलगी नाही, पहिला नाही, चांगला नाही. भाची पहिल्यांदा तीन शब्दांत आउट झाली, मी चार. मग हळूहळू कळायला लागलं की जायचा, यायचा असं म्हटलं तर चालतं, किंवा सरळ वर्तमानात सांगायचं. तिची एक गोष्ट मी लिहून ठेवलीय. एक होता राजा. तो रोज सकाळी उठायचा, आरसा पुसायचा आणि आरशाशी भांडायचा. एके दिवशी आरसा म्हणतो, राजा, तू समोर नसतोस तेव्हा मी कोणाचं तोंड दाखवू?

आता हा आरसा तिला एरवी सुचला असता का? मला नाही वाटत. नेहमीचे शब्द अडवले म्हणून ती आडरस्त्याने गेली आणि तिथे आरसा होता. जॉर्ज पेरेक नावाच्या फ्रेंच लेखकाने १९६९ साली एक अख्खी कादंबरी ‘ई’ हे अक्षर न वापरता लिहिली, आणि फ्रेंचमध्ये ते सगळ्यात जास्त येणारं अक्षर आहे. आम्ही अजून सहा वाक्यांच्या पुढे गेलेलो नाही.

माणसं जास्त असली की चित्रांच्या कानगोष्टी. पहिल्याने एक वाक्य लिहायचं, दुसऱ्याने त्याचं चित्र काढायचं, तिसऱ्याने वाक्य न बघता नुसतं चित्र बघून वाक्य लिहायचं, चौथ्याने त्याचं चित्र, असं. आमच्याकडे ‘म्हातारी जिन्यावरून शिडी घेऊन उतरतेय’ हे पाच जणांनंतर ‘मगर रेल्वेरूळ चोरतेय’ झालं, आणि प्रत्येकाने शपथेवर सांगितलं की आपण फक्त दिसलं तेच लिहिलं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात हेच दाखवलंय, चित्रं आणि गोष्टी एकाकडून दुसऱ्याकडे आठवणीतून जात राहिल्या की जे विचित्र असतं ते गळतं आणि जे ओळखीचं असतं ते त्याच्या जागी येऊन बसतं. त्यांच्याकडे एका घुबडाच्या चित्राचं होता होता मांजर झालं होतं. आमच्या मगरीपेक्षा बरं.

एकटीने खेळायचा खेळ एकच, रात्री अंथरुणात पडल्यावर दिवस उलटा आठवायचा. आत्ता दिवा बंद केला, त्याआधी दात घासले, त्याआधी काय, असं मागे मागे सकाळपर्यंत. उलटं जायचं कारण सरळ गेलं की आपण ठोकून देतो, उठले असेन, आंघोळ केली असेन, ते आठवणं नसतं, अंदाज असतो. आणि आठवायचा प्रयत्न हाच मुद्दा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर करून बघितलं, एक उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण तोच एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने जास्त आठवतं. हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर वह्या परत परत वाचायचा किती त्रास टळला असता. बाकी या खेळात मला रोज एक भोक सापडतं, दुपारी चार ते साडेपाचच्या मधे कुठेतरी. काहीच नसतं तिथे, ना माणूस ना आवाज. मी मोबाईल बघत असते. तासभर काय काय बघितलं त्यातलं एक सुद्धा रात्री हाताला लागत नाही.

परवा भाचीचा व्हिडिओ कॉल आला, म्हणाली बसमधली यादी म्हण. म्हटली. सतराच्या सतरा, हत्तीपासून रडणाऱ्या माशापर्यंत, साबण सुद्धा, कारण आता मासा रडतोय तेच मुळी डोळ्यात साबण गेल्यामुळे. ती जरा नाराज झाली. मग तिने जाहीर केलं की आता पिशवीच्या खेळाला नवीन नियम, जी वस्तू पिशवीत खरोखर मावेल ती चालणार नाही. पहिला डाव माझा. मला काही सुचेना, म्हटलं एक खूप मोठं नेलकटर.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, चालेल, पण किती मोठं?